गोडं पाणी आणि दातारकाकांचा वाफा

दातारकाकांचा वाफा मी मारला.

काल सकाळी काका वारले. प्लेनोला, त्यांच्या घरीच. ग्रुपवर सगळे लिहितायत, "शांतपणे गेले."

डोंबलाचं शांतपणे! एक गोष्ट बघायची राहिली त्यांची, आणि ती माझ्यामुळे राहिली. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका सॉइल सायंटिस्ट. मूळचे सांगलीकडचे. सगळं करिअर इथल्या खारावलेल्या जमिनी सुधारण्यात गेलं. रिटायर झाल्यावर आमच्यासारख्यांच्या बॅकयार्डात नाक खुपसायचे.

आमच्या फ्रिस्कोच्या घरात आधी सॉल्टवॉटर पूल होता. आधीचा मालक त्याचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या कोपऱ्यात सोडायचा. पूल बुजवला, पण तो कोपरा मेला तो मेलाच. उन्हात दगड, पावसात लगदा. गवताची काडी नाही.

काकांनी तिथलं ढेकूळ उचललं आणि ग्लासभर पाण्यात टाकलं. बघता बघता ते विरघळलं आणि पाणी गढूळ ते गढूळच राहिलं.

"चोपण झालीय बाई जमीन. सोडियम बसलाय आत. पाणी मुरणार कसं?"

"मग ट्रकभर नवी माती मागवू?"

"अगं, घरात कोणी आजारी पडलं तर नवा माणूस मागवतेस का?"

मग सुरू झालं. दर शनिवारी काका ड्राइव्ह करून यायचे. मी फोर्कने माती उकरायची, ते जिप्सम टाकायचे, वर कंपोस्ट. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून उठवतं, कंपोस्टने माती मोकळी होते, आणि मग भरपूर पाणी सोडून तो सोडियम खाली धुऊन काढायचा. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागून म्हणायचे, "काका, परीक्षा आहे का माझी?"

मग त्यांचा रिपोर्ट आला. पॅनक्रियाजचा कॅन्सर. डॉक्टरांनी थोडे महिने सांगितले.

काका म्हणाले, "या वाफ्यात मेथी उगवलेली बघायचीय मला. बाकी काही नाही."

शनिवारचं येणं बंद झालं. फोनवर म्हणाले, "आता तू फक्त पाणी सोड. गोडं पाणी. भरपूर."

गोडं पाणी.

मी नागपूरची. माझ्या डोक्यात जड पाणी म्हणजे खारं आणि सॉफ्ट पाणी म्हणजे गोडं. इथलं नळाचं पाणी हार्ड, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. म्हणून मी बाहेरचा नळ टाळला आणि गराजमधल्या नळाला लांब होज लावला. हार्ड पाणी सॉफ्ट करणाऱ्या सॉफ्टनरच्या नळाला.

नवऱ्याला ऐकवलंसुद्धा, "बघ, किती डोकं लावलं मी!"

सॉफ्टनर मिठावर चालतो यार. पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतो आणि सोडियम घालतो. महिनाभर मी त्या वाफ्याला तेच पाजत होते. प्रेमाने.

मेथी दोनदा पेरली. एक कोंब आला नाही.

काका रोज विचारायचे, "आली का?"

"येतेय काका."

शेवटी मी कुंडीत मेथी लावली, दुकानातल्या पोत्यातल्या मातीत. मागच्या आठवड्यात मुळासकट उपटून त्यांच्या बेडपाशी घेऊन गेले. "बघा काका, आली!"

त्यांनी मुळाची माती बोटांत चोळली. हातात त्राण नव्हतं, तरी चोळली.

"ही तुझ्या वाफ्यातली नाही गं. पर्लाइट आहे हिच्यात, कुंडीच्या मातीत घालतात ते."

मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं.

"कुठल्या नळाचं पाणी घातलंस?"

"गराजच्या. सॉफ्टनरच्या. तुम्ही गोडं म्हणालात ना..."



"वेडे, मीठ पाजलंस तिला." हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. नर्स धावत आली. तिला हातानेच थांबवून म्हणाले, "चूक माझी आहे. सॉफ्टनर आहे का, हे मी विचारायला हवं होतं. पहिला प्रश्न तो असतो."

अहो, मला शिव्या तरी घालायच्या!

"परत जिप्सम टाक," म्हणाले. "बाहेरच्या नळाचं पाणी सोड."

"आता वेळ कुठे आहे काका?"

हे बोलले मी. त्यांच्या तोंडावर. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"मला नाहीये," ते म्हणाले. "जमिनीला आहे."

काल त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी जिप्समच टाकत होते. हात तसेच पांढरे घेऊन प्लेनोला गेले.

आज बाहेरचा नळ सोडलाय. पाणी वरच तुंबलंय, आत जातच नाहीये. जिप्सम आणखी टाकू? थांबू? परत उकरू? काहीही कळत नाहीये मला, आणि असं काही अडलं की मी ज्यांना फोन करायचे ते एकच होते.

मेथी उगवली नाही काका. चुकले मी.

पाया पडते.