लोखंडी सरांचं मॅग्नेट

लोखंडी सर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि सरांना ते मनापासून आवडायचं. जी रासायनिक प्रक्रिया पॅलेडियम या महागड्या धातूशिवाय होत नाही असं जग म्हणत होतं, ती त्यांनी साध्या लोखंडावर करून दाखवली होती. शोधनिबंध, पुरस्कार, कोपऱ्यातली मोठी खोली, सगळं त्या एका शोधावर उभं होतं. दुसऱ्या प्रयोगशाळांत ती प्रक्रिया काही केल्या जमत नसे. "त्याला हात लागतो," सर म्हणायचे. नम्रपणा त्यांनी कधी अंगाला लावून घेतलाच नव्हता.

त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीला मात्र तो हात साधेना. पोरगी शांत, कष्टाळू आणि स्वच्छतेची वेडी. दर वेळी नवा फ्लास्क घ्यायची, नवं मॅग्नेट घ्यायची. मॅग्नेट म्हणजे फ्लास्कमध्ये गरगर फिरून द्रावण ढवळणारी चुंबकाची पांढरी कांडी. हवा लागू नये म्हणून नायट्रोजनच्या बंद पेटीत हात घालून ती दिवसदिवस बसायची, पण तपासणीच्या प्लेटवर हव्या त्या पदार्थाचा डाग उमटायचा नाही. मुदत संपत आली होती. हे जमलं नाही तर पदवी गेलीच म्हणायची.

"सर, बाटलीतल्या लोखंडातच काही दोष असेल का?" तिनं एकदा सगळ्यांसमोर भीत भीत विचारलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं! आण ती बाटली इकडे."

सरांनी खणातून स्वतःचं मॅग्नेट काढलं आणि प्रयोग लावला. त्यांच्या विद्यार्थीदशेतलं ते, ओरखडे पडून काळपट झालेलं. संध्याकाळी प्लेटवर डाग लख्ख दिसला.

"बाटली तीच, लोखंड तेच. मग खोट कशात आहे? बोल ना!"

"माझ्यात," ती म्हणाली. सर हसले, म्हणून बाकीचेही हसले. जाताना तिनं हळूच विचारलं, "सर, तुमचं मॅग्नेट एकदा वापरायला द्याल?"

"आता मॅग्नेट वाकडं का?" सर म्हणाले, आणि पुन्हा एकदा हशा पिकला.

पण तिचा तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. रविवारी लॅब रिकामी असताना त्यांनी प्रयोग लावला. सगळं घातलं, आपलं जुनं मॅग्नेट टाकलं. लोखंड तेवढं घातलं नाही. दुपारी प्लेट दिव्याखाली धरली. डाग होता, नेहमीसारखाच लख्ख. सरांच्या पायाखालची वाळू सरकली. तरुणपणी हेच मॅग्नेट त्यांनी वर्षानुवर्षं पॅलेडियममध्ये फिरवलं होतं. ओरखड्यांत अडकलेला तो कणभर धातू आजवर सगळं काम करत होता, आणि लोखंड नुसतं मिरवत होतं.

बायकोचा फोन आला. "जेवायला येताय ना?"

"आलोच," सर म्हणाले. त्यांनी प्लेट फोडून कचऱ्यात टाकली आणि मॅग्नेट पुसून खिशात घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी ते दोन घास जास्तच जेवले.

पीएचडीच्या समितीपुढे मुलीची बाजू ऐकायला कुणाला फार वेळ नव्हता. अध्यक्षबाईंनी सरांना एवढंच विचारलं, "तुमच्या हातून होतंय ना?"

"दर वेळी," सर म्हणाले.

पीएचडीतून तिचं नाव कापलं गेलं. लॅबची किल्ली परत द्यायला ती सरांच्या खोलीत आली. डोळे सुजलेले होते, तरी आवाज तिनं सांभाळला होता.

"सर, एक विनंती आहे. माझे फसलेले प्रयोग कुणाला दाखवू नका. उगाच लोक तुमच्या कामावर शंका घेतील."

त्या क्षणी सरांना खरं सांगता आलं असतं. ओठ हललेही होते.

"नाही दाखवणार," ते म्हणाले.

"मीच कमी पडले, सर. तुमची इतकी वर्षं वाया घालवली. माफ करा मला."

आणि सरांनी तिला मोठ्या मनानं माफ केलं.