कासमभाईंची निळी वही

कासमभाई गेल्याचं मला जर्मनीहून कळलं. रविवारी मी लांज्याला बहिणीकडे होतो, फोन बंद. सोमवारी ऑफिसात मेल उघडली, तर दोन ओळींच्या वर कधी न लिहिणाऱ्या आमच्या जर्मन खरेदीदाराने पानभर लिहिलेलं. कासमभाईंच्या मुलाने त्याला कळवलं होतं. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं, आधी पोटात दुखलं. तो जर्मन रत्नागिरीला आला तेव्हाही जेवला कासमभाईंकडे, माझ्याकडे नव्हे.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. कासमभाई राजिवड्याचे, दहावी नापास, वीस वर्षं गल्फमधल्या शिपिंग ऑफिसात काढलेली. आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात आमची टेबलं समोरासमोर, परदेशी पत्रव्यवहार दोघांत वाटलेला. माझं इंग्रजी सोवळ्यातलं, त्यांचं पार अनवाणी... आणि भराभर उत्तरं यायची ती त्यांना. मी जळायचो.

एका वर्षी मोहोर गळाला, पल्प निम्माच निघणार होता. जर्मनला कळवायचं काम माझं. आपल्याकडे वाईट बातमी कोणी उंबऱ्यावरच सांगतं का? पाणी द्यायचं, चहा पाजायचा, मग हळूच विषय काढायचा. तसंच मी आधी आभार, मग हवामान, मग जुने संबंध लिहिले आणि 'निम्माच माल' चौथ्या परिच्छेदात. त्याने वरचं वाचलं आणि पुढे आपल्या गिऱ्हाइकांना पूर्ण मालाचा शब्द देऊन बसला. मग फोनवर असा भडकला की मालक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

कासमभाईंनी मला मागे कलमांखाली नेलं. चहा मागवला, नातवाची चौकशी केली. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "मास्तर, जर्मनला नाय म्हणायचा तो पयल्या ओळीत. मस्कतवाल्याला आधी आईची तब्येत विचारायची. माणूस बघून लिवायचा." माफीचं पत्र त्यांनी लिहिलं, चार ओळींचं. सही माझी. खरेदीदार टिकला, मालकांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. कासमभाईंनी हूं की चूं केलं नाही. त्याचा तर मला जास्तच राग आला.

परवा त्यांचा मुलगा निळी वही देऊन गेला. "अब्बांनी सांगितलेलं, मास्तरांना द्या." दर खरेदीदाराला एक पान. कोणाला कसं लिहायचं, कोणाला शुक्रवारी लिहायचं नाही. शेवटच्या पानावर मी होतो. 'मास्तर. चूक सांगायची तर आधी चहा. चारचौघांत नाही. शाबासकी लागते.'

जर्मनच्या मेलमध्ये शेवटी माझ्यासाठीही एक ओळ होती... तुमचं ते माफीचं पत्र मी आमच्या नव्या लोकांना दाखवतो. आज उत्तर लिहायला बसलोय. वही उघडी आहे, चहा निवतोय. आभार नाहीत, हवामान नाही. पहिल्याच ओळीत लिहिलंय, ते पत्र कासमभाईंचं होतं.