दोन्ही हात वल्ह्यावर

आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी कोळीण त्या साली पावसाळा संपला तरी आली नाही. मी बंदरावर जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "बाय, दोन घरांसाठी डोक्यावर पाटी घेऊन एवढी वाट कशाला तुडवू? तुमची मानसं कुठं रायलीत आता?"

तिचं चुकत नव्हतं. आम्ही बेने इस्रायल. पनवेलच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना आमचीच घरं होती. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या वर्षांत एकेक घर इस्रायलला निघालं. आधी माझा थोरला भाऊ गेला, मग धाकटा. आईवडील तोवर इथल्याच मातीत गेले होते. शेवटी गल्लीच्या टोकाला काका-काकू उरले आणि मधल्या खोल्यांत मी. काका माझे सख्खे नव्हेत, पण लहानपणापासून त्यांना काकाच म्हणत आले. मी का गेले नाही, असं पुष्कळ जण विचारत. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. नोकरी पक्की होती आणि परक्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची हौस नव्हती. याहून खोल कारण मला तेव्हाही सापडलं नाही.

मासळी हवी तर बंदरावर जायचं, हे ठरून गेलं. बंदरावर तांडेल भेटला. हा म्हातारा कोळी पूर्वी मालाचा मोठा मचवा चालवायचा, म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत. कालवाच्या शिंपेने त्याचा तळपाय चिरला होता आणि जखम चिघळली होती. महिनाभर मी रोज मलमपट्टी केली. पाय बरा झाल्यावर तो म्हणाला, "तुला काय देऊ? जिताडा देऊ?"

मी म्हटलं, "मासा नको. मासा धरायला शिकवा. तुमची ती बारकी होडी नुसती पडून असते, ती चालेल."

ती होडी आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली होती. आठ हात लांब, आणि रुंदी एवढीच की बसल्यावर दोन्ही गुडघे काठांना टेकत. तांडेलने आधी होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो सगळ्यांनाच एकेरीत बोलायचा, आमच्या डॉक्टरांनाही. म्हणाला, "पवता येतं?"

"थोडं येतं."

"थोडं म्हंजे येत नाय. रयवारी ये."

शनिवारी आमचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, चूल नाही, गळ तर नाहीच. पूर्वी शनिवार कसा गेला ते कळत नसे. घरात पाय ठेवायला जागा नसायची. आता तो दिवस सरता सरत नव्हता. मी खिडकीत बसून समोरच्या घराचं कुलूप बघायची. म्हणून रविवार मिळाला याचा मला किती आनंद झाला, हे तांडेलला सांगण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या रविवारी मी गोल साडी नेसून गेले. तांडेलची बायको दारात मासे साफ करत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाय बांधून पान्यान जातेस? मरायचंच हाय तं विहीर जवळ हाय. एवढ्या लांब कशाला आलीस?"

तिने मला आत नेऊन आपलं जुनं लुगडं दिलं आणि काष्टा घट्ट मारून गुडघ्याच्या वर नेसवलं. मग दोन सुके भोपळे दोरीने माझ्या काखांखाली बांधले. आरशात पाहण्याची सोय नव्हती हे बरं झालं.

पहिला धडा मासे धरण्याचा नव्हताच, बुडण्याचा होता. भरती पुरी चढली होती आणि धक्क्याच्या आडोशाला पाणी छातीएवढं होतं. तांडेल पाण्यात उभा राहिला आणि त्याने होडी सरळ उलटी केली. मी आत होते. पाणी नाकात गेलं आणि वर आल्या आल्या मी धक्क्याकडे हात मारू लागले.

"कुठं चाललीस?" तो ओरडला. "होडी सोडून कुठं चाललीस? लाकूड हाय ते, बुडत नाय. तू बुडतेस. तिला धरून राव."

असं त्याने मला सात-आठ वेळा पाण्यात टाकलं. उलटी होडी कशी सुलटी करायची, मागच्या टोकाकडून पोटावर सरकत आत कसं शिरायचं, करवंटीने पाणी कसं उपसायचं, ते शिकवलं. बाजूने चढायला गेलं की होडी पुन्हा अंगावर येते, हे मी तीनदा करून पाहिलं तेव्हा पटलं. घरी आले तेव्हा कोपरं सोलवटली होती. त्या संध्याकाळी मला घराची शांतता जाणवली नाही. मी जेवून लगेच झोपले.

पुढचे रविवार वल्हं मारण्यात गेले. बाकीचं सगळं त्याने तोंडानेच सांगितलं, आणि प्रत्येक गोष्टीसोबत कोण कसा मेला तेही सांगितलं. होडीत उभं राहायचं नाही. तळाला बूड टेकून बसायचं, गुडघे काठांना लावायचे. मासळीचा डबा मधोमध ठेवायचा. नांगर पुढच्या टोकाला बांधायचा, बाजूला कधीच नाही. ओहोटीची ओढ लागली की बाजूचा नांगर होडीला कुशीवर पाडतो. मासा लागला की त्याच्याकडे वाकायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. मोठ्या होडीची लाट आली की टोक लाटेकडे करायचं. अमावास्या-पुनवेच्या उधाणात ओहोटी जोरात धावते, तेव्हा घरी बसायचं. आणि काहीही झालं तरी दोन्ही हात वल्ह्यावर. वल्हं हातात आहे तोवर तोल आपला. पाण्यावर थापटी मारून होडी सावरता येते. हात रिकामे झाले की ती पाण्याची झाली.

हा शेवटचा नियम मी दुसऱ्याच महिन्यात मोडला.

त्या दिवशी मी एकटी होडी वल्हवत धक्क्याच्या पायऱ्यांशी आले होते. डब्यात दोन शिंगाळे होते. शिंगाळ्याला खवले नसतात म्हणून आम्ही तो खात नाही. ते मी तांडेलच्या बायकोला देणार होते. पायरीवर काका उभे होते. मी काय उद्योग करते ते बघायला ते टोपी घालून, काठी घेऊन मुद्दाम बंदरावर आले होते.

"अगं, खरंच वल्हवतेस की!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आमच्यात वडीलधाऱ्यांना भेटण्याची एक रीत आहे. त्यांनी हात पुढे केला की आपण दोन्ही तळव्यांत तो घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. चालता-बोलता येऊ लागल्यापासून मी ते करत आले होते. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

काकांचा हात माझ्या हातांत आला आणि होडी खालून निघून गेली. क्षणभर मी पायांनी होडीत आणि हातांनी काकांकडे अशी ताणली गेले. मग पाण्यात पडले. काकांनी हात सोडला नाही, म्हणून तेही पायरीवर बसले आणि त्यांची एक वहाण वाहून गेली. कमरेएवढं पाणी, त्याखाली गुडघाभर चिखल. शिंगाळे खाडीत परत गेले.

धक्क्यावरचे कोळी हसत होते. काकाही हसू लागले. तांडेल मात्र हसला नाही. त्याने होडी ओढून आणली आणि मला म्हणाला, "हित चिखल व्हता म्हनून उभी हाईस. मधे खोलात काय केलं असतंस? माझ्या होडीतून बाई मेली तं मी बंदरावर फिरू कसा?"

"चुकलं," मी म्हटलं.

"आता सोडतो. पन आयक. पुन्ना पलटी मारलीस तं होडी माझी. मंग मागायला येवू नको, माझा पाय पुन्ना कापला तरी येवू नको."

तो बोलला तसं करणारा माणूस होता. त्यानंतर वर्षभर मी एकदाही उलटले नाही. सोमवार ते शुक्रवार दवाखाना, शनिवारी खिडकी आणि कुलूप, आणि रविवारी खाडी. तिवरांच्या झाडीच्या कडेला नांगर टाकून बसले की चार तास कुणाशी बोलावं लागत नसे. पण ते न बोलणं घरातल्या न बोलण्यासारखं नव्हतं. दोरी बोटावर असायची. ती केव्हाही हलेल अशी आशा असायची. होडी गेली असती तर माझ्याकडे आठवड्यातून दोन शनिवार उरले असते.

मग काकांनी जायचं ठरवलं. त्यांच्या मुलाने तिकिटं पाठवली होती. काका तसे जाणारे नव्हते. पण आमच्या मशिदीत – आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो – सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि त्या वर्षी आठसुद्धा जमेनात. "रिकाम्या बाकांपुढे किती दिवस बसू?" ते मला म्हणाले. मी बसले असते तरी बाई म्हणून त्यात धरली गेले नसते.

त्यांच्या ट्रंका आणि काकूंचं शिवणयंत्र मुंबईला मचव्याने जाणार होतं. सामान नजरेआड करायला काकू तयार नव्हत्या, म्हणून दोघंही मचव्यानेच निघाले. रविवारी सकाळी ओहोटी लागताच मचवा सुटणार होता.

"धक्क्यावर येशील ना?" काकांनी विचारलं.

"मी खाडीतच असेन. तिथे भेटते."

धक्क्यावर रडारड होणार, हे मला माहीत होतं. आधीच्या प्रत्येक घराच्या वेळी मी ती पाहिली होती, आणि नंतर ओल्या रुमालाचा बोळा करून एकटी घरी आले होते. या वेळी मला ते नको होतं.

त्या सकाळी मी वळणापाशी नांगर टाकून बसले. थोड्या वेळाने मचवा येताना दिसला. मचव्याच्या मालकाने खाडीच्या मुखापर्यंत सुकाणू धरायला तांडेललाच बोलावलं होतं, तो मागे उभा होता. मी नांगर वर घेतला, होडीचं टोक मचव्याकडे केलं आणि वल्हं पाण्यात आडवं धरून थांबले. तांडेलने मचवा माझ्याजवळून आणला. मधे दोन हातांचं अंतर उरलं असेल.

काका कठड्यावरून वाकले. नवा कोट घातला होता. त्यांनी हात पुढे केला.

"ये, हात दे."

ओहोटी होडीला आणि मचव्याला दोन्हींना ओढत होती, पण मचव्याला जास्त. मी तांडेलकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, हे मला न बघताही कळलं.

"देत नाही, काका. होडी उलटेल."

"उलटली तर मी उडी मारीन."

"तुम्हांला पोहता येत नाही."

मागून काकू म्हणाल्या, "अहो, बसा खाली. तिचं त्या होडीशी लग्न लागलंय. नवऱ्याला सोडून येते का बाई?"

सगळे हसले, मीही हसले. काका हसले नाहीत. त्यांचा हात तसाच पुढे होता. त्या हाताच्या नखांशी शाईचा डाग होता, बहुतेक फॉर्म भरताना लागलेला. माझी बोटं वल्ह्याभोवती इतकी आवळली होती की दुखत होती. मनात आलं, जाऊ दे होडी. वर्षानुवर्षं घेतलेला हात आहे, परत मिळणार नाही. आणि लगेच दुसरंही आलं, की हा हात घेतला तरी तो जाणारच आहे, आणि उद्यापासून मला होडी लागणार आहे.

"नीट जा," मी म्हटलं.

"तूही नीट राहा," काका म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

मचव्याने ढकललेलं पाणी आलं. मी टोक त्याकडे वळवलं, गुडघे काठांना दाबले, होडी दोनदा वरखाली झाली आणि स्थिर झाली. मग मी उजवा हात सोडला आणि बोटं ओठांना लावली. खारट लागली. तोवर मचवा वळणापलीकडे गेला होता.

त्या दिवशी मी गळ टाकला नाही. ओहोटी फिरून भरती लागेपर्यंत तिवरांच्या कडेला बसले आणि पाण्याबरोबर परत आले.

तांडेल दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. पाय दाखवायला आलो म्हणाला. पायाला काही झालेलं नव्हतं. मी तसं सांगितलं तर म्हणाला, "बरं. ती होडी आता तुजकडंच ठेव. मना परत नको." आणि निघून गेला. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर फार बरं वाटेल. मी पुढच्या रोग्याची पट्टी बदलायला घेतली.

पाच-सहा महिन्यांनी काकांचं मराठीत पत्र आलं. हवा चांगली आहे, दूध चांगलं मिळतं, काकूंचं यंत्र वाटेत मोडलं. शेवटी लिहिलं होतं, "इथे आपल्यासारखा हात घेण्याची रीत नव्या मुलांना नाही. लांबूनच मान हलवतात. मी कुणापुढे हात करायचा सोडला. तुझी होडी कशी आहे?"

मी रविवारी खाडीतून आल्यावर उत्तर लिहिलं. होडी ठीक आहे. पावसाळ्यापूर्वी तळाला डांबर लावलं. अजून उलटली नाही.