ओला राहिलेला सातवा थर

चामोर्शीकडे कोणाला मातीची भिंत घालायची असली की लोक मुखरूला बोलावत. एक थर घालायचा, चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, मगच वरचा थर, हा त्याचा नेम. चाळीस वर्षांत त्याची एकही भिंत खचली नव्हती.

म्हणून वैनगंगेकाठी ढिवरांच्या मासेमार सोसायटीने डोंगे बांधायला ऐंशी हात लांबीची शेड काढली, तेव्हा भिंतींचं काम त्याच्याकडेच आलं. पावसाळ्यात नि थंडीत फळ्या वाळत नसत. यावर उपाय म्हणून दक्षिणेला पारदर्शक पत्रे लावायचे आणि समोर उत्तरेला दीड हात जाड, काळी रंगवलेली भिंत उभारायची. दिवसा तिने ऊन प्यायचं, रात्री ऊब सोडायची. विजेचं काम नाही. इंजिनिअर दिव्यानीने हे समजावलं, तेव्हा आपल्या मातीला असंही काम येतं म्हणून मुखरू हरखला होता.

पण उत्तरेच्या भिंतीचा सातवा थर घातला त्याच दिवशी छपरवाले येऊन बसले. आभाळ भरून आलेलं. मुखरूने संध्याकाळपर्यंत ओल्यावरच आठवा, शेवटचा थर चढवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे त्यावर गिलावा बसला आणि ओल आत कोंडली.

शेड सुरू होऊन महिना झाला आणि सातव्या थराशी त्याला सुतासारखी भेग दिसली. तिच्याखालीच त्याचा जावई निकेश आणि आणखी सहा जण डोंग्याला फळ्या ठोकत. भेग वाढते का ते कळावं म्हणून मुखरूने कणकेच्या खळीने तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि रोज काही निमित्त काढून ती पाहायला येऊ लागला.

"मामाजी, भिंतीचा मुका घेऊन राह्यले का?" निकेशने विचारलं. सगळे हसले. मुखरूही हसला.

तिसऱ्या दिवशी पट्टी मधोमध फाटलेली होती.

त्या रात्री तो जागाच राहिला. सांगावं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाणार. गावोगावी त्याच्या भिंतींच्या आडोशाला झोपणारी माणसं काय म्हणतील? न सांगावं, तर डोळ्यांपुढे मातीतून निघालेला निकेशचा हात यायचा.

सकाळी तो सरळ दिव्यानीपुढे जाऊन उभा राहिला. "बाई, उत्तरेच्या भिंतीखालची माणसं उठवा. आठवा थर मी ओल्यावर घातला."

तिने लगेच कामं थांबवली. माणसं बाहेर काढली, छपराला टेके लावले. भिंत उतरवायला मुखरूच वर चढला. आठवा थर निघाला आणि सातव्यात त्याचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत रुतलं. निकेश त्या बोटाकडे पाहत राहिला, सासऱ्याच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

"आणि बाजूच्या दोन भिंती?" दिव्यानीने विचारलं.

"त्या बरोबर हायेत, बाई."

एरवी सगळे शेडमध्येच जेवत. त्या दुपारी सगळे बाहेर उन्हात डबे घेऊन बसले. मुखरू एकटा आत गेला आणि पूर्वेच्या भिंतीला पाठ टेकून बसला. निकेश दारापर्यंत आला, पण त्याने आत पाय टाकला नाही.

"मामाजी, बाहेर या जेवाले."

मुखरूने डबा उघडला आणि खाली मान घालून भात कालवू लागला.