हात थांबले पाहिजेत

नलू गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. तिच्या कॉलेजने पाठवलेलं चित्र फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं होतं. समई, दोन पांढरी फुलं, मधे ओळखपत्रावरचा तिचा जुना फोटो आणि खाली ओळ : ‘आमच्या माजी सहकारी’. ती गेली हे डोक्यात शिरायच्या आधी मला तो ‘माजी’ दिसला आणि माझं टाळकं तापलं. माजी कशी? परवापरवापर्यंत ती तास घेत होती. पण तिचा करार सुट्टी लागली की संपायचा आणि नवं सत्र सुरू झालं की पुन्हा व्हायचा, आणि ती गेली नेमकी मधल्या दिवसांत. म्हणून माजी. माणूस मेल्यावरसुद्धा नियम चुकू न देणारी माणसं आहेत ती. मग तिच्या भावाचा फोन आला. तो बिचारा रडत होता आणि मी त्यालाच ओरडले, “मला आधी का नाय सांगितलंस?” रडायला मला संध्याकाळ झाली...

या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं आहे, कॉलेजचं नाव लिहू नका, प्राचार्यांचंही लिहू नका. ठीक आहे. मी हमरापूरला गणपतीचा कारखाना चालवते. काय द्यायचं आणि काय घ्यायचं हे ठरल्याशिवाय मी कुठल्या सौद्याला हात घालत नाही. मी नावं देणार नाही, त्यांनी माझं एकही वाक्य कापायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

नलू आणि मी जिते गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती अभ्यासात पहिली, मी भांडणात. दहावीनंतर ती पुढे शिकायला गेली आणि माझं लग्न झालं. सासरी साच्यातून काढलेले कच्चे गणपती पॉलिश पेपरने घासायचं काम माझ्या वाट्याला आलं. तिथून मी रंगकामात गेले, मग आखणी शिकले, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, आणि एका व्यापाऱ्याने ‘या बाईला काय कळतंय’ असं माझ्यासमोर म्हटलं त्या दिवसापासून भाव मी स्वतः करायला लागले. आज शेड माझी आहे, माल सुरतेपर्यंत जातो, आणि तो व्यापारी मला ताई म्हणतो. नलूनेही जे केलं ते स्वतःच्या जिवावर केलं. फरक एवढाच की मी केलेलं माझ्या नावावर आहे.

एम.एड. होऊन ती रोह्याकडच्या त्या कॉलेजात लागली. विद्यापीठाचं अध्यापक महाविद्यालय. शिक्षक व्हायला निघालेली मुलं-मुली तिथे शिकतात, छात्राध्यापक म्हणतात त्यांना. नलू त्यांचे सराव पाठ बघायची. शनिवारी दुपारी गाडीने हमरापूरला उतरून माझ्याकडे यायची, एक उलटी बादली ओढून तिच्यावर बसायची आणि माझ्या बिलांवरचं मराठी सुधारायची. मला ‘शेठाणी’ म्हणायची, तेही चिडवायला. गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोड लिहायची पद्धत आहे, मला ती जमत नाही. नलू हट्टी होती, तोंडाची तिखट होती, आणि कौतुक करताना तिच्या पोटात दुखायचं. एका मुलीला म्हणाली होती, “तुझ्या पाठात तू सोडून कोणालाच मजा आली नाय.”

पुढे कॉलेजने ज्याला ‘उपक्रम’ म्हटलं, ते सुरू झालं तिच्या एका रडणाऱ्या विद्यार्थिनीमुळे. रोह्याच्या एका शाळेत तिचा पाठ पडला होता आणि ती दिवसभर डोळे पुसत होती, म्हणून नलू तिला सोबत घेऊन आली. मला म्हणाली, “हिचा पाठ तुझ्या बायांना ऐकू दे.” मी म्हटलं, “अगो, माझ्या बायांना काम हाय.” तर म्हणे, “करू दे ना काम. कान कुठे कामाला लावलेत तू?” मी रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर बंद केला, तेवढंच. मुलीने तक्ता टांगला आणि पचनसंस्था सुरू केली. बाया पितांबर रंगवत होत्या, रंगवतच राहिल्या. ब्रश पाण्यात, ब्रश रंगात, ब्रश मूर्तीवर. मुलीचा आवाज बारीक होत गेला. मग तिने तक्त्याकडे पाठ केली आणि आपल्या आजोबांचं सांगायला लागली. त्यांना झटका आल्यापासून पाणीसुद्धा ठसक्याशिवाय गिळता येत नाही, कारण घशात एक छोटं झाकण असतं, घास आला की ते श्वासाची वाट बंद करतं, आणि आजोबांचं ते झाकण आता वेळेवर पडत नाही... आमच्याकडे हिराआई म्हणून आखणीवाली आहे. डोळ्याची रेघ ओढताना ती श्वास रोखते, शेडला आग लागली तरी रेघ पुरी करून उठेल. त्या हिराआईचा ब्रश मूर्तीपाशी जाता जाता हवेत थांबला. “म्हंजे मी आता गिळलं, तवा पडलं व्हय ते झाकण?” सगळ्या बाया आवंढा गिळून बघायला लागल्या. मी कामाचा खोळंबा म्हणून बोंब मारणार, तेवढ्यात नलूचा चेहरा बघितला. ती मुलीकडे बघतच नव्हती. ती बायांच्या हातांकडे बघत होती.

तेव्हापासून तिने तीच रीत ठेवली. शाळेत पाठ द्यायच्या आधी छात्राध्यापकाने माझ्या शेडमध्ये पाठ द्यायचा. बाया काम सोडणार नाहीत. नलू शिकवणाऱ्याकडे पाठ करून, बायांकडे तोंड करून बसणार. हात थांबले तर पाठ झाला. नाही थांबले तर का थांबले नाहीत ते ती सांगणार, आणि ते ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला राग यायचा पण विसरता यायचं नाही. एकदा एक हुशार गडी आला. त्याने काय केलं, बायांना सांगितलं की मनगटावर बोटं ठेवा आणि नाडी बघा. सगळ्यांनी ब्रश खाली ठेवले. गडी खूश! नलू म्हणाली, “हे नाय चालायचं. हात तू थांबवलेस. ते आपले आपण थांबले पाहिजेत.” हिराआई हसून म्हणाली, “बाई, पोराला निदान चहा तरी द्या आता.”

माझ्या कामाचं नुकसान व्हायचं का? व्हायचं. मी कुरकुर केली का? दर शनिवारी केली. पण मला माल ओळखता येतो. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलांना शाळा मागून घ्यायला लागल्या. पेणच्या एका मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, “तुमच्याकडून आलेले शिक्षक फळ्याला चिकटून राहत नाहीत, वर्ग बघत बघत शिकवतात.” तुमच्याकडून म्हणे! मी जाऊन नलूला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “बरं.”

मग कॉलेजला वास लागला. बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती आणि दाखवायला काहीतरी वेगळं हवं होतं. प्राचार्य स्वतः गाडी घेऊन माझ्या शेडमध्ये आले, पहिल्यांदाच. येताना फ्लेक्स घेऊन आले आणि तो नेमका खिडकीवर लावला, म्हणजे रंगाला लागणारा उजेडच गेला. बायांना सांगितलं, एकसारख्या साड्या नेसा, ब्रश बाजूला ठेवा, हात मांडीवर घ्या आणि लक्ष देऊन बसा, पाहुण्यांसमोर काम करणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, “साहेब, हात रिकामे केलेत तर पाठ कसा झाला ते कळणार कसं?” ते म्हणाले, “ताई, समितीला शिस्त दिसली पाहिजे.” ज्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं तीच त्यांनी बाजूला ठेवायला लावली, आणि हे शिक्षकांना शिकवणारे. समिती आली. हाताला काम नसलेल्या माझ्या बाया जांभया द्यायला लागल्या, एक तर खांबाला टेकून चक्क झोपली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “किती तन्मय झाल्या आहेत!” आणि नलू कुठे होती? कॉलेजात. फायली नीट लावायला ठेवली होती तिला.

पुढे विद्यापीठाचा उत्कृष्ट उपक्रमाचा पुरस्कार मिळाला. प्राचार्यांनी तो शाल-नारळासह घेतला. कॉलेजच्या फाटकावर मोठा फलक लागला, त्यावर ‘प्राचार्यांच्या संकल्पनेतून साकारलेला’ असं लिहिलेलं. त्या दिवशी मी नलूशी जन्मात भांडले नसेन एवढी भांडले. म्हटलं, “माझ्याकडे मातीचा उंदीर घ्यायला येणारं गिऱ्हाईक पण घासाघीस करतं गो! तू कधी काय मागितलंस? नोकरी कायम करा म्हणालीस? निदान नाव लावा म्हणालीस?” ती बिल तपासत होती. वर न बघता म्हणाली, “नावाने हात थांबतात काय?” लोकांना असली वाक्यं आवडतात. मला त्या वाक्याचा संताप येतो. तेव्हा आला, आजही येतो. कारण तिच्या असल्या वाक्यांवर दुसऱ्यांनी शाली पांघरल्या. आणि फुकट मिळालेल्या मालाची किंमत कोणी करत नाही, हे मी तिला ओरडून सांगत होते.

पोटातलं दुखणं तिने अंगावर काढलं. रजा घेतली असती तर पुढचा करार झाला नसता, असं तिला वाटत होतं. तसं कोणी तिला तोंडावर म्हटलं होतं का, मला माहीत नाही. म्हणायची गरज पडू नये अशी व्यवस्था असते ती. पेणला डॉक्टरकडे मी तिला ओढत नेली तेव्हा उशीर झाला होता.

बातमी मी बायांना सांगितली तेव्हा कोणाचाच हात थांबला नाही. ब्रश पाण्यात, ब्रश रंगात, ब्रश मूर्तीवर. मला इतका राग आला की मी रंगाचं भांडं आपटलं. “तुमची बाई गेली, कळतंय काय?” हिराआई मान वर न करता म्हणाली, “हाताला थांबू नको म्हण गो. थांबला तर परत उचलायचा नाय.”

तेराव्यानंतर प्राचार्यांचा फोन आला. शेडमध्ये कायमची पाटी लावायची होती, ‘अध्यापन प्रयोगशाळा’, खाली कॉलेजचं नाव, त्याखाली त्यांचं. मी म्हटलं, नलूचं नाव वर येऊ दे, मग बाकी काय ते लिहा. ते म्हणाले, कंत्राटी व्यक्तीचं नाव संकल्पनेखाली टाकता येत नाही, नियमात बसत नाही, पण उद्घाटनाच्या भाषणात मी उल्लेख करीन. उल्लेख! मग मी माझा भाव सांगितला. म्हटलं, “साहेब, तुम्ही या. एकटे या, फ्लेक्स नको, फोटोवाला नको. कुठलाही पाठ द्या. बाया काम करत राहतील. हिराआईचा हात आपला आपण थांबला, तर तुमचंच नाव लावा, खिळे मी ठोकते.” ते हसले. म्हणाले, “ताई, तुम्ही फार विनोदी बोलता.” मी विनोद केला नव्हता. चारचौघांत सांगते, भाव तोच आहे. आणि तोवर त्या कॉलेजच्या पत्रावर माझ्या शेडमध्ये कोणी येणार नाही.

हे बोलून बसले आणि मग झोप उडाली. फटका बसला तो कोणाला? प्राचार्यांना नाही. जे शिकायला यायचे त्यांना.

गेल्या शनिवारी एक मुलगी आली. बरोबर पत्र नव्हतं, कोणी पाठवलंही नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, “मॅडमनी मला परत यायला सांगितलं होतं.” मी म्हटलं, “हजेरी लागणार नाय तुझी.” ती म्हणाली, “माहीत हाय.” मी कंप्रेसर बंद केला. तिने चंद्राच्या कला शिकवल्या. मी बायांकडे तोंड करून बसले. मन लावून शिकवत होती, तिने मेहनत घेतली होती, आवाज चांगला होता... आणि ब्रश चालत राहिले. एकही थांबला नाही. पाठ संपल्यावर ती माझ्यासमोर आली आणि विचारलं, “काय चुकलं?”

हात थांबले नाहीत हे मला दिसलं होतं. का थांबले नाहीत, ते मला सांगता येईना. मी माती ओळखते, रंग ओळखते, समोरचा माणूस भावात किती खाली उतरेल ते त्याच्या पायांवरून ओळखते. पण हे ओळखणारी एकच होती, आणि तिला त्यांनी दर वर्षी नव्याने कामावर घेतलं आणि दर वर्षी काढलं. पाटी कशावर लावणार आहेत ते?

मुलगी उभीच होती. मी म्हटलं, “मला नाय कळत. पुढच्या शनिवारी परत ये.”

“तेव्हा कळेल?”

“नाय.”

तिने तक्ता गुंडाळला. “येते,” म्हणाली, आणि चार वाजताच्या गाडीसाठी पळाली.