बाकावरचं शिल्प

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि ती मीठमसाला लावून सांगते.

आमच्या मीनलचं लग्न जवळजवळ जमलं होतं. फक्त मुलाच्या आईचा होकार बाकी होता. बाई बोरिवलीच्या, चित्रकलेच्या शिक्षिका. म्हणाल्या, "नदीतल्या बेटावर नवं शिल्पउद्यान झालंय. तिथेच भेटू."

आता मी पडलो मुलुंडचा! कलेशी माझा संबंध सोसायटीच्या गणपतीच्या मखरापुरता. पण छाप पाडायला नको?

होडीतून उतरल्या उतरल्या बायकोच्या कानात सांगितलं, "तू पुढे हो. डबे खायला सावलीतली जागा धर. रविवार आहे, गर्दी होणार."

आणि होणाऱ्या विहीणबाईंना घेऊन मी निघालो. प्रत्येक दगडापुढे मान वाकडी करायची आणि म्हणायचं, "खोल आहे हं!" बाई नुसत्या "हं" करत होत्या.

शेवटी वडाखाली एक लांबलचक दगडी बाक आला. एका टोकाला रुमाल, मध्ये उघडी छत्री, पिशव्या, पाण्याची बाटली. खाली बायकी चपला. माणूस एकही नाही!

"हे काय असेल हो?" बाईंनी विचारलं.

शेजारी पाटी नव्हती. पाटी नाही म्हणजे काम भारीच असणार!

"हा आपला मुंबईकर," मी सुरू झालो. "स्वतः गायब, पण दहा जणांची जागा अडवलीय! हावरटपणा बघा ताई. दुसऱ्याने टेकूच नये! असल्या माणसांनीच शहराची वाट लावली. कलाकाराने त्या रुमालात सगळा स्वार्थ ओतलाय!"

लोक थांबून ऐकायला लागले. मग काय, मला चढलंच! एक दमलेलं जोडपं बसायला आलं, तर त्यांच्यावर ओरडलो, "ओ, हात लावू नका! कला आहे ती!"

बिचारे उभेच राहिले. एकाने तर फोटो काढला.

तेवढ्यात नदीत पाय बुडवून बायको अनवाणी आली, गर्दीतून घुसली आणि तिने शिल्पातल्या चपला सरळ पायात घातल्या.

"अगं!"

"अगं काय? तुम्हीच म्हणालात ना, जागा धर? आख्खा बाक धरलाय! रुमाल तेवढा खिशात टाका, तुमचाच आहे."

रोज दारात दिसणाऱ्या चपला हो! मला ओळखू येऊ नयेत? गेलं, पोरीचं लग्न गेलं!

बाईंनी माझ्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं आणि शांतपणे बाकावर बसल्या. "बसा. तो स्वार्थ जरा सरकवा."

होकार तिथेच मिळाला. पण लग्नात सगळे विधी उरकून मी जरा टेकायला गेलो, तर पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीवर रुमाल! आणि त्यावर विहीणबाईंच्या वळणदार अक्षरात पाटी: "कृपया शिल्पाला हात लावू नये."