मुका पी आणि एक्याण्णव रावस

पावणे गावात इंग्रजी जाणणारा माणूस एकच, रामचंद्र, असं खुद्द रामचंद्रच सांगे. त्याला खोटं पाडायला लागणारं इंग्रजी दुसऱ्या कुणापाशी नव्हतं, म्हणून गावाने ते मान्य केलं होतं. मॅट्रिकला दोनदा आपटला. मिठागराच्या कचेरीत चार महिने कारकुनी केली, तिथल्या साहेबाच्या पत्रातल्या चुका साहेबालाच दाखवल्या आणि घरी आला. तेव्हापासून अंगात काळा कोट आणि काखेत डिक्शनरी. होडीला हात नाही, जाळ्याला हात नाही. देवीच्या पालखीला खांदा द्यायचा तर म्हणे कोट चुरगळतो. भाऊ धर्मा याच्या घरी बसून जेवायचं आणि वहिनीला अडाणी म्हणायचं, एवढाच उद्योग.

वहिनी म्हणजे सखू. ती होडीने खाडी ओलांडून पलीकडच्या मिशन बंगल्यावर मासळी घाली. गोऱ्या मिसबाईंचा तिच्या हातावर भरवसा होता. हा बंगला मिळावा म्हणून धक्क्यावरच्या चार जणी टपून बसलेल्या. एक चूक झाली की बंगला गेला, हे सखू जाणून होती. शुक्रवारच्या रावसांची चिठ्ठी मिसबाई गुरुवारीच हातात देत आणि ती वाचण्याचा मान अर्थात भावजींचा.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या एका गुरुवारी सखूने चिठ्ठी आणली, पण तिच्या मनात काहीतरी खटकत होतं.

"भावजी, नेमीचा पैला अक्षर गलासारखा वाकडा असतो. ह्यो तर पलीसारखा दिसतंय."

"गळ आणि पळी! वहिनी, हे इंग्रजी आहे, तुमचं स्वयंपाकघर नव्हे." रामचंद्राने कोटाची बाही सारखी केली. "हा पी. तो इथे मुका असतो. लिहायचा, पण बोलायचा नाही."

इथवर तो बरोबर होता, हेच दुर्दैव. तिथेच गप्प बसता तर माणसात जमा झाला असता.

"पी गेला. उरलं एस, ए, एल, एम. साल्म. म्हणजे साल्मन, म्हणजेच रावस. घाईत शेवट राहिला असेल. आणि पुढे आकडा, एक्याण्णव."

"एक्यान्नव रावस? मिसबाई तर सॅमन बोलतात. साल्मन कवा बोलल्या नाय त्या. आन नेमी चारच मागतात."

"त्यांना बोलता येत नसेल. एल लिहिलाय ना? मग तो बोललाच पाहिजे. आणि त्यांचा काही सण असेल. तुम्हाला काय ठाऊक?"

देवाने सखूला कान दिले होते, पण शिकलेल्या दिरापुढे तिने ते बंद केले. धर्मानेही मान डोलावली. "तो शिकलेला हाय गो." संध्याकाळपर्यंत रामचंद्र सगळ्या होड्यांवर फिरून आला. नामदेव तांडेलाने शेजारच्या गावांतूनही मासळी उचलली. शुक्रवारी सकाळी सदतीस रावस होडीत पडले. बाकीचे उद्या, असं मिसबाईंना इंग्रजीत समजवायला कोट घालून रामचंद्र स्वतः निघाला.

बंगल्याच्या पायरीवर रविवारच्या प्रार्थनेला पेटी वाजवणारे पंढरी मास्तर आधीच उभे होते. हातात चिठ्ठी. "मिसबाई, रविवारला कोणतं भजन बसवायचं? यात तर मासळी लिहिलीय." त्यांना कळलं नाही, म्हणून ते विचारायला आले. इतकी साधी अक्कल.

मिसबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, मग फाटकाबाहेर होडीवाल्यांच्या डोक्यावरच्या पाट्या पाहिल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"अरे देवा, चिठ्ठ्या मीच उलट्या दिल्या. हे साम आहे, सखूबाई. देवाचं स्तोत्र. एक्याण्णवावं."

देवाचं स्तोत्र! या गृहस्थाने ते पाटीत भरून आणलं होतं. कानाला हात लावून माफी मागायची, तर रामचंद्र पुढे सरसावला.

"मॅडम, एक्स्क्यूज मी. साल्म. देअर इज एल."

"एलही मुका आहे."

"मग लिहिता कशाला?"

पंढरी मास्तरांनी तोंड फिरवून हसू दाबलं. सखूला मात्र हसू आलं नाही. फाटकाबाहेर मासळीवर माशा घोंगावत होत्या आणि हा माणूस बाईंना त्यांचीच भाषा शिकवत होता.

"बाई, मना वाटला व्हता चुकलंय," ती म्हणाली. "अक्षर येगला व्हता. मी बोल्ले पन."

"तू ओळखलं होतंस?"

"पैला अक्षर पलीसारखा. तुमचा गलासारखा असतंय."

मिसबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या. "यापुढे कागद नाही. मी तोंडी सांगेन, तू ऐक. शुक्रवार तुझाच." चाराऐवजी त्यांनी सहा रावस घेतले.

उरलेले घेऊन सखू रस्त्याच्या कडेला बसली आणि दुपारपर्यंत ओरडून ओरडून तिने पाट्या रिकाम्या केल्या. कुणी आपल्याला तिच्यासोबतचं समजू नये म्हणून रामचंद्र तेवढा वेळ लांब झाडाखाली डिक्शनरी वाचत होता. परतताना होडीत मात्र सावलीतली जागा त्याचीच.

"ही बाई स्कॉटलंडकडची असणार," तो म्हणाला. "तिकडचं इंग्रजी गावठी असतं, वहिनी."

सखूने खवल्यांनी भरलेली ओली पाटी त्याच्या कोटावर टेकवली.

"धरा भावजी. हिच्यावर काय लिवलेला नाय."